अपग्रेडनंतर बोर्ड गप्प का झाला?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत एकच दुखणं आहे. छोटा बोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलेला, त्या केबलवरूनच नेटवर्क चालू, आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपग्रेड झाल्यावर ते नेटवर्क बंद. तिन्हींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा यालाच देते. कमांड, फाइली आणि स्क्रीनवरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते नेहमीच्या रोमन अक्षरांत करा.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी दहिसरला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवृत्तीनंतर हौसेने लिनक्स शिकलो. ऑफिसातल्या टेबलाखाली रास्पबेरी पाय झीरो हा छोटा कम्प्युटर-बोर्ड बसवला आहे, वायफाय नसलेला साधा. गच्चीवरच्या आणि खालच्या टाकीतल्या फ्लोट स्विचच्या वायरी डक्टमधून आणून त्याला जोडल्या आहेत. पालिकेचं पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, पंप कधी चालला, याची नोंद तो ठेवतो. एका जुन्या लिनक्स लॅपटॉपला तो एकाच केबलने लावला आहे. वीज त्याच केबलमधून आणि एसएसएचही (लॅपटॉपवरून बोर्डात लॉगइन करणं) त्याच केबलवरून. बऱ्याच काळाने अपग्रेड केलं, रीबूट केलं, आणि तेव्हापासून संपर्क तुटला. हिरवा दिवा लुकलुकतो. केबल गेली असेल म्हणून स्टेशनबाहेरून नवी आणली, तरी फरक नाही. मुलगा म्हणतो, कार्ड फॉरमॅट करून सगळं नव्याने टाका. पण पाण्याच्या दोन वर्षांच्या नोंदी त्यातच आहेत. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. जे दिसलं ते उतरवून पाठवतो. 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये एकच फोल्डर आहे: ६.१.२१+. 'कर्न.लॉग'मध्ये शेवटच्या बूटची पहिली ओळ: लिनक्स व्हर्जन ५.१५.६१+. 'एफएसटॅब'मध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल) '/बूट'च्या ओळीत शेवटी: व्हीफॅट, डीफॉल्ट्स,नोऑटो. हे 'नोऑटो' माझ्या भाच्याने घातलं होतं. वीज गेली तर बूटचा भाग खराब होऊ नये, हा त्याचा हेतू.

उत्तर: कार्ड फॉरमॅट करू नका. नोंदी शाबूत आहेत, बोर्डही शाबूत आहे. तुम्ही डोळे उघडे ठेवून जे उतरवून पाठवलंत, त्यातच उत्तर आहे. असं पत्र आलं की मला फार बरं वाटतं, कारण 'चालत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

ते दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चालू होतंय ते कर्नेल ५.१५.६१, आणि कार्डावर मॉड्यूल्स आहेत ती ६.१.२१ ची. म्हणजे कर्नेल जुनं राहिलं आणि त्याचे ड्रायव्हर मात्र नव्याचे आले. कर्नेल स्वतः ही एकच फाइल असते. तुमच्या झीरोसाठी ती 'कर्नेल.आयएमजी', आणि ती कार्डाच्या पहिल्या, छोट्या, फॅट पार्टिशनवर राहते. बाकीचे पुष्कळ ड्रायव्हर वेगळ्या फाइली म्हणून दुसऱ्या, मोठ्या पार्टिशनवर 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये असतात, आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात. चालू कर्नेल फक्त स्वतःच्या नावाच्या फोल्डरात बघतं. शेजारच्या फोल्डरात नवं काही आहे का, हे ते पाहत नाही, आणि पाहिलं तरी दुसऱ्या आवृत्तीचं मॉड्यूल ते घेणार नाही.

कार्ड वाचणं आणि मोठं पार्टिशन उघडणं ही कामं कर्नेलच्या पोटातच असतात, त्यामुळे बोर्ड बूट झाला. हिरवा दिवा कार्डावरची वाचालिखी दाखवतो, यूएसबीबद्दल तो काही सांगत नाही. पण केबलवर नेटवर्क उभं करायला लागतात ती 'डीडब्ल्यूसी२' आणि 'जी_ईथर' ही मॉड्यूल्स. पहिलं यूएसबीच्या चिपला चालवतं, दुसरं बोर्डाला लॅपटॉपपुढे नेटवर्क कार्ड म्हणून उभं करतं. ती दोन्ही ५.१५.६१+ नावाच्या फोल्डरात शोधली गेली, आणि तो फोल्डरच नव्हता. तुमच्या लॉगमध्ये थोडं खाली 'फेल्ड टू फाइंड मॉड्यूल जी_ईथर' अशी ओळ सापडेल. सापडली की माझ्या शब्दावर विसंबायची गरज उरणार नाही.

आता हे झालं कसं. 'नोऑटो' म्हणजे बूट होताना ते पार्टिशन आपोआप जोडायचं नाही. तुम्ही अपग्रेड केलंत तेव्हा '/बूट' या जागी फॅट पार्टिशन नव्हतंच, मोठ्या पार्टिशनवरचा एक रिकामा फोल्डर होता. इन्स्टॉलरने नवं कर्नेल इमानेइतबारे त्या फोल्डरात ठेवलं आणि काम झालं असं सांगितलं. मॉड्यूल्स त्यांच्या ठरलेल्या जागी गेली आणि पॅकेजच्या नियमाने जुनी काढली गेली. रीबूट करताना बोर्डाची चिप मात्र फक्त फॅट पार्टिशन वाचते, आणि तिथे होतं जुनंच कर्नेल. कुठेही लाल अक्षरात चूक दिसली नाही, म्हणूनच हा बिघाड माणसाला इतका घुमवतो.

तुमच्या भाच्याचा विचार मुळात चुकीचा नव्हता. फॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट लिहिलेलं सावरणारी नोंदवही, नसतं आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर ती बिघडू शकते, हे खरं. पण त्या पार्टिशनवर एरवी कुणी लिहीतच नाही, लिहिलं जातं ते अपग्रेडच्या वेळी. म्हणजे 'नोऑटो'ने वाचतं थोडं आणि जातं फार. ते काढा.

दुरुस्ती लॅपटॉपवरच होईल. आधी कार्डाची पूर्ण प्रत काढून ठेवा, 'डीडी' वापरून. त्याआधी 'एलएसबीएलके' चालवून कार्ड कोणत्या नावाने आलं आहे ते नीट वाचा, कारण 'डीडी'मध्ये नाव चुकलं तर लॅपटॉपची डिस्क पुसली जाते. मग मोठ्या पार्टिशनमधला 'बूट' फोल्डर उघडा. तिथे 'कर्नेल.आयएमजी', 'स्टार्ट.एल्फ', डीटीबीच्या (बोर्डावरच्या भागांचं वर्णन करणाऱ्या) फाइली आणि 'ओव्हरलेज' नावाचा फोल्डर दिसेल. हे सगळं छोट्या पार्टिशनवर कॉपी करा. नुसतं कर्नेल उचलून भागणार नाही. 'ओव्हरलेज'मध्ये 'डीडब्ल्यूसी२'ची फाइल असते आणि ती कर्नेलबरोबरचीच असलेली बरी. छोट्या पार्टिशनवरच्या 'कॉन्फिग.टीएक्सटी' आणि 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' या दोन फाइलींना हात लावू नका, त्या तुमच्या आहेत. फक्त उघडून बघा. पहिलीत 'डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२' हवं. दुसरीत 'रूटवेट' या शब्दानंतर 'मॉड्यूल्स-लोड=डीडब्ल्यूसी२,जी_ईथर' हवं, आणि ती आख्खी फाइल एकाच ओळीत हवी. मध्ये एंटर पडला तर पुढचं सगळं वाया जातं. शेवटी मोठ्या पार्टिशनवरच्या 'एफएसटॅब'मधून ',नोऑटो' खोडा, दोन्ही पार्टिशन्स रीतसर अनमाउंट करा आणि मगच कार्ड काढा.

कार्ड परत लावाल तेव्हा जुनी केबल लावा, नवी नको. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या पुष्कळशा केबली फक्त चार्जिंगच्या असतात. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार वायरी लागतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी डेटासाठी. चार्जिंगच्या केबलमध्ये शेवटच्या दोन नसतातच. बोर्ड चालू होईल, दिवाही लागेल, आणि लॅपटॉपला तो कधीच दिसणार नाही. म्हणजे आधीचा बिघाड तसाच राहून वर दुसरा चढला असता. कुठलीही केबल घेताना त्या केबलने आपला फोन लॅपटॉपला लावून बघावा. फोनमधल्या फाइली दिसल्या तर केबल डेटाची. बोर्डावरचं भोकही तपासा. झीरोवर दोन मायक्रो यूएसबी असतात, कडेचं फक्त विजेचं आणि आतल्या बाजूचं डेटाचं. आपल्या हवेत पावसाळ्यात या भोकांच्या आत हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने ते पुसून वाळवलं की बरेचदा काम होतं.

केबल जोडण्याआधी लॅपटॉपवर 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा आणि मग जोडा. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण केबलच्या कुठल्या टोकाला दुखतंय हे इथेच कळतं. सगळं ठीक असेल तर आधी 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ येईल, मग ०५२५ आणि ए४ए२ हे दोन क्रमांक, 'आरएनडीआयएस/ईथरनेट गॅजेट' हे नाव, आणि शेवटी 'सीडीसी_ईथर'ने एक नवं नेटवर्क नोंदवल्याची ओळ. यातलं काहीच आलं नाही, स्क्रीन कोरी राहिली, तर लॅपटॉपला सोडा. बोर्ड स्वतःची ओळख देतच नाही किंवा केबलमध्ये डेटाच्या वायरी नाहीत. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि 'एरर -७१' असं येत राहिलं तर केबल, भोक किंवा वीजपुरवठा बघा. ०५२५:ए४ए२ दिसलं पण नवं नेटवर्क नोंदवलं गेलं नाही, तर दोष लॅपटॉपकडे आहे, आणि तिथेही पुष्कळदा हेच आवृत्तीचं दुखणं निघतं. लॅपटॉपचं कर्नेल अपग्रेड झालेलं असतं, जुनी मॉड्यूल्स काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) लगेच काढून टाकतात, रीबूट केलेलं नसतं, आणि नवं साधन लावलं की त्याचं मॉड्यूल सापडत नाही. 'यूनेम -आर' काय म्हणतं आणि 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये काय आहे हे जुळवून बघितलं की शंका फिटते.

आणि नेटवर्क नोंदवलं गेलं, पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा आला, तर घाबरू नका. तार जोडलेली आहे, पत्ता देणारं कुणी नव्हतं म्हणून दोघांनी आपापला घेतला. अशा वेळी 'रास्पबेरीपाय.लोकल' या नावाने एसएसएच लागतं. पत्ते नंतर निवांतपणे पक्के करा.

पुढे कधी नव्या कार्डावर बुकवर्म टाकलंत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली रास्पबेरी पाय ओएस, तर तीन गोष्टी बदललेल्या दिसतील. बूटचं पार्टिशन आता '/बूट/फर्मवेअर'मध्ये जोडलं जातं. '/बूट'मधल्या जुन्या जागी 'कॉन्फिग.टीएक्सटी' बदलली तर परिणाम होणार नाही. त्या फाइलीत 'सीएम४', 'सीएम५', 'ऑल' असे चौकटी कंसातले मथळे असतात. 'डीडब्ल्यूसी२'ची ओळ 'ऑल'च्या खाली लिहा. दुसऱ्या मथळ्याखाली गेली तर तुमचा झीरो ती वाचणारच नाही. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त छळते. बुकवर्ममध्ये नेटवर्कमॅनेजर हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम आला आणि त्याच्या '८५-एनएम-अनमॅनेज्ड.रूल्स' या यूडेव्ह (जोडलेल्या साधनांना नियम लावणारा भाग) फाइलीत गॅजेट प्रकारच्या, म्हणजे बोर्ड स्वतःच यूएसबी साधन बनून उभारतो त्या, नेटवर्कला हात न लावण्याचा नियम आहे. मग बोर्डावर 'यूएसबी०' (केबलवरच्या नेटवर्कचं नाव) दिसतो, पण 'अनमॅनेज्ड' राहतो आणि पत्ता घेत नाही. ती फाइल 'ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी'मध्ये कॉपी करा, गॅजेटच्या ओळीतला १ काढून ० करा आणि रीबूट करा. मूळ फाइल तिच्या जागी तशीच राहू द्या, नाहीतर पुढच्या अपग्रेडला तुमचा बदल पुसला जाईल.

प्रश्न: ताई, मी कुर्ल्याला राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा पाय झीरो गॅजेट मोडमध्ये लॅपटॉपला लावते. लॅपटॉपवर 'नेट.आयएफनेम्स=०' (नेटवर्कला कर्नेलचीच जुनी छोटी नावं ठेवणारी सेटिंग) ठेवलं आहे, त्यामुळे बोर्ड लावला की 'यूएसबी०' यायचा आणि माझी स्क्रिप्ट त्याला १९२.१६८.७.१ हा पत्ता द्यायची. लॅपटॉपचं कर्नेल बदललं आणि आता तोच बोर्ड 'ईटीएच०' म्हणून येतो. स्क्रिप्ट म्हणते यूएसबी० नाही. बोर्डावर मी काहीच बदललेलं नाही. कर्नेल मागे नेऊ का?

उत्तर: मागे नेऊ नकोस. बोर्डावर बदल नाही हे तुझं म्हणणं बरोबर आहे, बदल लॅपटॉपच्या कर्नेलमध्ये झाला. यूएसबीवरच्या नेटवर्कला नाव देण्याचा नियम 'यूएसबीनेट' या ड्रायव्हरमध्ये असतो. जुना नियम असा: साधन फक्त दोन टोकांमधलं असेल आणि त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क साधनाचा स्वतःचा क्रमांक) 'लोकल' असेल, म्हणजे कुणा कारखान्याने नोंदवून घेतलेला नसेल, तर नाव यूएसबी०. नाहीतर ईटीएच०. ऑक्टोबर २०२४ मध्ये या नियमात एक दुरुस्ती आली. तिने लोकल मॅक असलेली साधनंही ईटीएच च्या रांगेत नेली, आणि ती स्थिर आवृत्त्यांतही उतरली. २०२५ मध्ये जुना नियम परत आणला गेला. तुझं कर्नेल या दोन बदलांच्या मधलं असणार. पुढच्या अपग्रेडला यूएसबी० बहुधा परत येईल.

पण मी तुझ्या जागी असते तर त्याची वाट पाहत बसले नसते. स्क्रिप्ट नावावर उभी आहे, आणि नाव हे कर्नेल देतं. ते पुन्हा बदलू शकतं. मॅक पत्ता मात्र तुझ्या हातात आहे. आज तू तो ठरवलेला नसशील तर 'जी_ईथर' दर बूटला नवा पत्ता बनवतो. तो आधी पक्का कर. बोर्डावर 'ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये 'जी_ईथर.कॉन्फ' नावाची फाइल कर आणि त्यात एक ओळ लिही: 'ऑप्शन्स जी_ईथर', त्यापुढे 'होस्ट_ॲडर=' आणि लॅपटॉपच्या टोकाचा पत्ता, मग 'डेव्ह_ॲडर=' आणि बोर्डाच्या टोकाचा पत्ता. दोन्ही वेगळे हवेत. पत्ता निवडताना पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी ठेव, म्हणजे तो लोकल ठरतो. पुष्कळ ठिकाणी ४८ ने सुरू होणारा पत्ता नमुना म्हणून दिलेला असतो. त्यात दुसरं अक्षर ८ आहे, म्हणजे तो लोकल नाही, आणि तसा पत्ता घेतला तर जुन्या नियमानेही ईटीएच०च येईल. ०२ ने सुरू केलेला पत्ता सरळ.

मग लॅपटॉपवर 'ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क'मध्ये '१०-पाय.लिंक' अशी फाइल कर. 'मॅच' या भागात 'मॅकॲड्रेस=' आणि होस्टचा तो पत्ता, 'लिंक' या भागात 'नेम=पाय०'. आता कर्नेल काहीही नाव देवो, यूडेव्ह त्याला पाय० करेल, आणि 'नेट.आयएफनेम्स=०' असलं तरी ही फाइल चालते. स्क्रिप्टमध्ये यूएसबी० च्या जागी पाय० लिही. नाव ईटीएच किंवा यूएसबीने सुरू होणारं ठेवू नकोस, कर्नेलच्या स्वतःच्या नावांशी झटापट होते.

तुझ्या लॅपटॉपवर दुसरं एखादं यूएसबी-लॅन ॲडाप्टर असेल तर त्यालाही अशीच वेगळी लिंक फाइल दे. परीक्षेच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री कुठला ईटीएच कोणाचा हे शोधत बसावं लागणार नाही.

प्रश्न: नमस्कार. भांडुपच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत पाय झीरो बोर्ड आहेत, बुल्सआय (बुकवर्मच्या आधीची रास्पबेरी पाय ओएस) टाकलेले, प्रत्येक लॅपटॉपला केबलने जोडलेला. अपग्रेडनंतर बोर्डाला पिंग (पोहोच तपासणारी हाक) लागतं, एसएसएच लागतं, पण बोर्डावरून इंटरनेट नाही. 'एपीटी अपडेट' (पॅकेजांची यादी ताजी करणारी कमांड) चुका दाखवतं. मुख्याध्यापक म्हणतात, यापुढे अपग्रेड बंदच करा. त्यांचं ऐकू का?

उत्तर: पिंग लागतं म्हणजे केबल, मॉड्यूल्स आणि नावं सगळी बरोबर आहेत. पहिल्या दोन पत्रांतलं काही तुम्हाला करायचं नाही.

बोर्डाचं इंटरनेट लॅपटॉपमधून जातं, आणि त्यासाठी लॅपटॉपने एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला सोडायला हवं. 'आयपी_फॉरवर्ड'ला १ करून हे होतं, आणि आयपीटेबल्सचा मास्करेडचा नियम बोर्डाचा पत्ता झाकून लॅपटॉपचा लावतो. हे दोन्ही हाताने टाइप केले असतील तर कर्नेल अपग्रेडनंतरच्या रीबूटमध्ये ते गेले. 'आयपी_फॉरवर्ड' 'ईटीसी/सिसकंट्रोल.डी'मध्ये लिहून ठेवता येतो. पण शाळेसाठी मी सोपा मार्ग सांगेन: प्रत्येक लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या यूएसबी कनेक्शनच्या आयपीव्ही४ च्या पानावर 'शेअर्ड टू अदर कम्प्युटर्स' निवडा. तो १०.४२ ने सुरू होणारा पत्ता स्वतः घेतो, बोर्डाला पत्ता वाटतो, वाट आणि नावांचा सर्व्हरही देतो, आणि रीबूटनंतर तसाच राहतो. बोर्डावर जुना ठरवून दिलेला पत्ता असेल तर तो काढा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या गल्ल्यांत राहतील.

त्यानंतर बोर्डावरून आधी ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग करा. लागलं आणि तरीही नावाने काही उघडत नसेल, तर 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' (नावांचा सर्व्हर लिहिलेली फाइल) बघा. नावानेही लागलं आणि 'एपीटी' मात्र 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाची तक्रार करत असेल, तर 'डेट' टाइप करा. झीरोवर घड्याळाची बॅटरी नाही. उन्हाळी सुट्टीत बंद असलेला बोर्ड जूनमध्ये उघडला तर तो एप्रिलच्याच तारखेला उठतो आणि आजच्या फाइलींना भविष्यातल्या समजतो. इंटरनेट मिळालं की तारीख थोड्या वेळात आपोआप सुधारते. घाई असेल तर हाताने लावा.

मुख्याध्यापकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण 'बंदच' हा शब्द मला मान्य नाही. मुलं ज्या बोर्डावर काम करतात तो इंटरनेटला जोडलेला आहे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला मिळायलाच हव्यात. शाळेचं सत्र चालू असताना कर्नेल थांबवून ठेवा: 'एपीटी-मार्क होल्ड' आणि पुढे 'रास्पबेरीपाय-कर्नेल' व 'रास्पबेरीपाय-बूटलोडर', दोन्ही एकदमच, एक थांबवून दुसरं सोडू नका. बाकीची पॅकेजेस येऊ द्यात. सुट्टीत एक बोर्ड बाजूला घ्या, त्याच्या कार्डाची प्रत काढा, 'अनहोल्ड' करून त्यालाच अपग्रेड करा, रीबूट करा, केबलवर नेटवर्क येतंय का बघा. आलं की मग उरलेले. बुकवर्मवर गेलात तर या पॅकेजांची नावं वेगळी आहेत, तिथे 'लिनक्स-इमेज'ने सुरू होणारं शोधा.

आणि प्रयोगशाळेसाठी एक यूएसबी-सिरियल ॲडाप्टर घ्याच. लॅमिंग्टन रोडवर सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा सहज मिळतो. ३.३ व्होल्टचा आहे ना हे विचारून घ्या, कारण पायच्या पिनांना ५ व्होल्टचा सिग्नल सोसत नाही. यूएसबीचं नेटवर्क कर्नेल उठल्यावर, मॉड्यूल्स लागल्यावर उभं राहतं. सिरियलवर मात्र कर्नेलची पहिली ओळही दिसते, त्यामुळे बाकी सगळं गप्प असताना बोर्ड काय म्हणतोय ते तिथे वाचता येतं, आणि लॉगइनही करता येतं. 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' लिहा आणि 'सीएमडीलाइन.टीएक्सटी'मध्ये 'कन्सोल=सिरियल०,११५२००' आहे ना ते बघा. बोर्डाच्या ६ नंबरच्या पिनेला ॲडाप्टरचा ग्राउंड, ८ ला त्याचा आरएक्स (ऐकणारी पिन), १० ला त्याचा टीएक्स (बोलणारी पिन). वेग ११५२००. बोर्ड यूएसबीवरून वीज घेत असेल तर ॲडाप्टरची लाल वायर जोडायची नाही, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा.